धुराचं वजन काढायचं काम

वणव्यातून हवेत काय काय आणि किती गेलं याचा हिशोब खरं तर एका ओळीत मावतो. ती ओळ १९८० मध्ये वोल्फगांग सायलर आणि पॉल क्रुट्झन यांनी मांडली (हाच तो क्रुट्झन ज्याला पुढे १९९५ मध्ये ओझोनच्या कामासाठी केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं) आणि आजपर्यंत बहुतेक सगळे तीच वापरतात. किती हेक्टर जळलं, हेक्टरी जळण किती होतं, त्यातला किती वाटा खरोखर जळला, या तिघांचा गुणाकार केला की किती टन सुकं जळण गेलं ते कळतं, आणि मग त्याला एमिशन फॅक्टरने गुणायचं, म्हणजे एक किलो सुकं जळण जळलं की कुठला वायू किती ग्रॅम बाहेर पडतो तो आकडा. बास, चार आकडे आणि शाळेतला गुणाकार.

माझ्याकडे हे काम आलं ते एका मोठ्या अभ्यासाचा तुकडा म्हणून. उत्तरेकडच्या सूचीपर्णी जंगलातला एक वणवा, उन्हाळ्यात लागलेला, त्यातून किती उत्सर्जन झालं ते काढून द्यायचं. आमच्या मॅडम या विषयात बरीच वर्षं आहेत, त्यांनी फाइल हातात देतानाच विचारलं, "क्षेत्र काढशील गं तू, ते कुणीही काढतं. किती खोल जळलं ते कसं सांगशील?" तेव्हा मी नुसती मान डोलवली, पण पुढचे सगळे महिने याच एका प्रश्नात गेले म्हणायला हरकत नाही.

क्षेत्रापासून सुरुवात केली कारण ते सगळ्यात सोपं. सेंटिनेल-२ या युरोपच्या सॅटेलाइटच्या आगीआधीच्या आणि आगीनंतरच्या इमेजेस घ्यायच्या, आणि एनबीआर (नॉर्मलाइज्ड बर्न रेशो, जळाल्याचा निर्देशांक) काढायचा. हिरवं पान निअर इन्फ्रारेड भरपूर परावर्तित करतं आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड कमी, जळालेल्या जमिनीचं बरोबर उलटं, म्हणून दोघांची वजाबाकी भागिले बेरीज. आगीआधीच्या एनबीआरमधून आगीनंतरचा वजा केला की जळालेला भाग नकाशावर ठळक उठून दिसतो. या शॉर्टवेव्ह बँडचा अजून एक फायदा म्हणजे धुराच्या पातळ थरातूनही तो बऱ्यापैकी आरपार बघतो, साध्या रंगीत फोटोत नुसता पांढरा लोट दिसतो तिथे यात आगीची कड दिसते. ढग मात्र ढगच, त्याला इलाज नाही, पुढच्या फेरीची वाट बघायची.

आगीची जी अधिकृत सीमारेषा मिळते ती सहसा बाहेरून फिरून आखलेली असते, आणि तिच्या पोटात न जळालेली बेटं असतात, ओढ्याकाठची, दलदलीची, कधी कधी काहीच कारण नसताना वाचलेली. सीमारेषेतलं सगळं क्षेत्र जळलं असं धरलं तर तिथेच आकडा फुगतो. उलट जगभरासाठी सॅटेलाइटवरून बनवलेले जे जाडे नकाशे म्हणजे प्रॉडक्ट आहेत, उदाहरणार्थ मोडिस या सॅटेलाइटवरच्या उपकरणाचं ५०० मीटर पिक्सेलवालं, त्यात छोट्या आगी सुटतात. जीएफईडी हा जगभराच्या वणव्यांचा डेटाबेस आहे, त्याच्या पाचव्या आवृत्तीत अशा छोट्या आगींची दुरुस्ती घातली तर जगाचं जळालेलं क्षेत्र या मोडिस प्रॉडक्टपेक्षा ६१ टक्क्यांनी वाढलं. पण माझी आग एकच होती आणि मोठी होती, पिक्सेल २० मीटरचे होते, त्यामुळे क्षेत्राबाबत मी निवांत होते.

मग पहिला अंदाज काढला, टेबलं उघडून. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या २००६ च्या गाइडलाइन्समध्ये जंगलाच्या प्रकारानुसार आकडे दिलेत. समजण्यासाठी १००० हेक्टर धरून दाखवते. बोरियल म्हणजे उत्तरेकडच्या थंड पट्ट्यातल्या जंगलाचा सरसकट आकडा हेक्टरी ४१ टन, म्हणजे ४१,००० टन सुकं जळण गेलं. एमिशन फॅक्टर किलोमागे कार्बन डायऑक्साइड १५६९ ग्रॅम, कार्बन मोनॉक्साइड १०७, मिथेन ४.७, नायट्रस ऑक्साइड ०.२६. गुणा, की साधारण ६४,३०० टन कार्बन डायऑक्साइड, ४,४०० टन मोनॉक्साइड, १९३ टन मिथेन आणि ११ टनांच्या आत नायट्रस ऑक्साइड. किलोमागे एक किलोहून जास्त वायू कसा निघतो असं काही जण विचारतात, तर लाकडातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो म्हणून.

इथे एक खड्डा आहे, तो सांगायलाच हवा, कारण मी बघितलेल्या कितीतरी एक्सेल शीट्स त्यात पडल्यात. ते ४१ टन म्हणजे जंगलात असलेलं जळण नव्हे, ते *जळून गेलेलं* जळण, म्हणजे जळालेला वाटा त्यात आधीच गुणलेला आहे. शेजारच्या टेबलात तो वाटा वेगळाही दिलाय, बोरियलला ०.३४, आणि लोक काय करतात तर ४१ ला परत ०.३४ ने गुणतात. उत्सर्जन एका फटक्यात एक तृतीयांश! वर आकडा कमी आला की कुणाला संशयही येत नाही, सगळे खूश.

दुसरी एक तपासणी मला फार आवडते, पाच मिनिटांत होते. सगळ्या वायूंमधला फक्त कार्बन मोजायचा. १५६९ ग्रॅम डायऑक्साइडमध्ये ४२८ ग्रॅम कार्बन, १०७ ग्रॅम मोनॉक्साइडमध्ये ४६, मिथेनमध्ये साडेतीन, बेरीज ४७७ च्या आसपास. सुक्या वनस्पतीत कार्बन साधारण निम्मा असतो, म्हणजे बरोबर जुळतंय, थोडा काजळीत आणि इतर वायूंमध्ये गेला असेल. कुणी दिलेले फॅक्टर या बेरजेत ६०० वर गेले तर समजायचं कुठून तरी चुकीचे उचललेत.

आता त्याच टेबलात बाकीच्या ओळी बघितल्या की गंमत कळते. बोरियल, शेंड्यापर्यंत चढलेली आग, हेक्टरी २५.१ टन. जमिनीवरून सरकणारी आग, २१.६. 'वणवा, सर्वसाधारण', ५२.८. म्हणजे त्याच १००० हेक्टरचं कार्बन डायऑक्साइड ३४,००० टन पण येऊ शकतं आणि ८३,००० पण, तुम्ही कुठल्या ओळीवर बोट ठेवता त्यावर. मी बेटं वगळण्यात घातलेली सगळी मेहनत या एका निवडीपुढे चिल्लर होती. मॅडमना दाखवलं तर म्हणाल्या, "म्हणून तर म्हणत होते, बूट घाल आणि जा."

गेले. आग विझून गेल्यावर, परवानगी आल्यावर, हेल्मेट घालून, कारण जळालेल्या जंगलात सगळ्यात मोठा धोका आगीचा नसतो, उभ्या मेलेल्या झाडांचा असतो, मुळं जळून गेलेली असतात आणि वाऱ्याची झुळूक आली तरी झाड पडतं. दुसरा धोका पायाखाली, मुळं जिथे जळून गेली तिथे आत पोकळी आणि वर राखेची साय, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत, आणि आत कधी कधी अजून गरम असतं. आमचा टीम लीडर काठीने टोचल्याशिवाय पाऊल टाकू द्यायचा नाही, सुरुवातीला वैताग यायचा, नंतर आम्हीच टोचायला लागलो.

पडलेलं लाकूड मोजायची पद्धत मस्त आहे, एकदा समजली की. जमिनीवर सरळ दोरी ताणायची आणि दोरीला छेदणारी लाकडं मोजायची. बारीक काटक्या नुसत्या मोजायच्या, जाडीनुसार गटात: अर्धा-पाऊण सेंटीमीटरपर्यंतच्या, मग अडीचपर्यंत, मग साडेसातपर्यंत. त्याहून जाड ओंडक्याचा प्रत्येकाचा व्यास घ्यायचा आणि तो टणक आहे की कुजका ते लिहायचं. दोरीवरच्या या मोजणीवरून हेक्टरी किती लाकूड ते निघतं. या जाडीच्या गटांमागे कारण आहे, काडी तासाभरात हवेसारखी सुकते, ओंडक्याला महिना-दीड महिना लागतो, म्हणून काटक्या जवळपास सगळ्या जळतात आणि ओंडके वरवर काळे होऊन राहतात.

पण आगीआधी काय होतं ते आगीनंतर गेलेल्या माणसाला कसं कळणार? ठरवून लावलेल्या आगीत सोपं असतं, आधी लोखंडी पिना जमिनीत ठोकायच्या, डोकं पाचोळ्याच्या पातळीला, आणि नंतर पीन किती उघडी पडली ते मोजायचं. वणवा आधी सांगून येत नाही. मग शेजारचा न जळालेला पट्टा घेतात आणि जळालेलाही आधी असाच असणार असं धरतात. हे गृहीतक मला पहिल्यापासून खुपत होतं, अहो तो पट्टा जळला नाही याला काहीतरी कारण असणारच ना, तो ओला असेल, सखल असेल, तिथे मॉसचा थर जाड असेल! तुलनेला नेमका वेगळाच तुकडा हाती येतो.

ब्लॅक स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या जंगलात यावर एक उपाय आहे. या झाडाच्या बुंध्याभोवती मॉस आणि कुजक्या पाचोळ्याचा थर वाढत जातो तशी झाड खोडातून त्या थरात नवी मुळं सोडतं. आगीत थर जळून खाली जातो आणि ती मुळं खोडावर उघडी लोंबकळत राहतात. सगळ्यात वरचं मूळ ते आत्ताची जमीन हे अंतर मोजलं की किती थर जळला याचा अंदाज येतो, कारण वरचं मूळ जुन्या पृष्ठभागाच्या थोडं खाली असतं आणि ती थोडीशी दुरुस्ती न जळालेल्या भागातल्या झाडांवरून घ्यायची. मी गुडघ्यावर बसून, पट्टी घेऊन, काजळीने कोपरापर्यंत काळी होऊन झाडामागून झाड हे अंतर घेतलंय, आणि सांगते की एकाच झाडाच्या दोन बाजूंनाही ते सारखं येत नाही.

आता हा हिशोब बघा. कुजक्या थराची घनता दर घनसेंटीमीटरला ०.१ ग्रॅम धरली (वर हलका असतो, खाली दाट, पण सोपं म्हणून) तर १ सेंटीमीटर थर म्हणजे हेक्टरी १० टन सुकं जळण. दोन सेंटीमीटर म्हणजे २०. टेबलातली जमिनीवरून सरकणारी अख्खी आग २१.६ टनांची आहे! म्हणजे खोली मोजताना पट्टी दोन सेंटीमीटर इकडेतिकडे झाली तर एक पूर्ण आग वाढते किंवा गायब होते. आकाशातून २० मीटरचा पिक्सेल बघून आम्ही हेक्टरांवर वाद घालतो आणि खरा आकडा असा बोटाच्या पेरात असतो. आणि आग हा थर एकसारखा खात नाही. जाड पुस्तक पेटवलं तर कडा जळून जातात आणि आतली पानं शाबूत राहतात तसं काही ठिकाणी असतं, हातभर पलीकडे मात्र खालच्या मातीपर्यंत सफाचट.

थराचे नमुने काढून आणले, ओव्हनमध्ये वजन बदलायचं थांबेपर्यंत सुकवले, वजनं घेतली. कंटाळवाणं काम, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

हाच प्रश्न जगाच्या पातळीवर किती मोठा होतो त्याचं उदाहरण म्हणजे १९९७ ची इंडोनेशियातली पीटची, म्हणजे दलदलीत साठलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या जाड थराची आग. त्यावर २००२ मध्ये आलेल्या अंदाजात ०.८१ ते २.५७ गिगाटन कार्बन असा आकडा आहे. तिप्पट फरकाची रेंज! आणि मुळाशी परत तेच, पीट किती खोल जळलं, सरासरी अर्धा मीटर धरलं होतं.

खोलीचा परिणाम फक्त टनांवर होत नाही, धुरात काय असतं त्यावरही होतो. वरचं गवत, पानं, काटक्या ज्वाळेने जळतात, तिथे बहुतेक कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. खालचा दमट थर आणि ओंडके धुमसतात, तिथे मोनॉक्साइड, मिथेन आणि बारीक कण जास्त. धुरात डायऑक्साइड आणि मोनॉक्साइड दोन्ही मोजून, दोघांच्या बेरजेत डायऑक्साइडचा वाटा किती ते काढतात, तो ०.९५ च्या पुढे असेल तर ज्वाळा, ०.८ च्या आसपास असेल तर धुमसणं. आयपीसीसीच्या टेबलात सव्हानाच्या गवताळ आगीचा मिथेन फॅक्टर २.३ आहे आणि बोरियल-समशीतोष्ण जंगलाचा ४.७, दुपटीहून जास्त. म्हणून मी वरच्या आणि खालच्या थराला एकच फॅक्टर लावायचं सोडून दिलं आणि दोन वेगळे हिशोब केले. फाइल दुप्पट झाली, पण इलाज नव्हता.

मग वाटलं की दुसऱ्या वाटेने पडताळून बघावं. आग किती इन्फ्रारेड ऊर्जा फेकते ती सॅटेलाइट मेगावॅटमध्ये मोजतो, तिला एफआरपी म्हणतात. २००५ मध्ये मार्टिन वूस्टर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगातल्या छोट्या आगींवरून दाखवलं की एक मेगाज्यूल फेकली गेली म्हणजे साधारण ०.३६८ किलो जळण जळलं. कल्पना इतकी देखणी आहे की जळणाचं टेबल लागतच नाही! पण प्रत्यक्षात टेरा आणि अॅक्वा हे दोन सॅटेलाइट दिवसातून मोजक्या वेळाच वरून जातात, मधल्या तासांत आग काय करत होती ते आपण भरायचं, धुराच्या दाट लोटाखाली आणि झाडांच्या छत्राखाली सरपटणारी आग कमी दिसते, आणि धुमसणारा थर तर जवळपास दिसतच नाही. म्हणजे मला ज्याचा त्रास होत होता नेमकं तेच याला दिसत नव्हतं.

पडताळणी करताना अजून एक गोष्ट लक्षात ठेवायची. युरोपच्या कोपर्निकस या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाचं जीएफएएस हे एफआरपीवर चालतं आणि जीएफईडी क्षेत्रावर, दोन्ही जवळपास सारखं सांगताहेत म्हणून लोक निश्चिंत होतात. पण जीएफएएसमधले रूपांतराचे गुणक मुळात जीएफईडीवरूनच बसवलेले आहेत, २०१२ च्या पेपरात स्पष्ट लिहिलंय. त्या दोघांचं एकमत म्हणजे दोन साक्षीदार नव्हेत.

खरी वेगळी साक्ष वरून मिळते, म्हणजे हवेतला धूरच मोजायचा. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी वरचं ट्रोपोमी हे उपकरण हवेच्या स्तंभातला मोनॉक्साइड मोजतं. वाऱ्याचा डेटा घेऊन उलटा हिशोब करायचा की इतका मोनॉक्साइड दिसायला खाली किती निघाला असेल. २०१९-२० च्या आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या आगींवर हे केलं तेव्हा नोव्हेंबर ते जानेवारी या काळाचं उत्तर ७१.५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड आलं, पाच नेहमीच्या इन्व्हेंटरींच्या (जीएफईडी, जीएफएएससारख्या हिशोबांच्या) अंदाजाच्या दुपटीहून जास्त. कॅनडाच्या २०२३ च्या आगींवर याच जातीचा अभ्यास आहे, मे ते सप्टेंबर, ६४.७ कोटी टन. हे वाचून दोन्ही सारख्याच आगी वाटतात ना? पण कॅनडाचा आकडा *कार्बनचा* आहे, ऑस्ट्रेलियाचा कार्बन डायऑक्साइडचा, एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणून कॅनडाच्या आकड्याला ३.६७ ने गुणलं की कॅनडा तिपटीच्याही पुढे जातो. बातम्यांमध्ये हा घोळ मी इतक्यांदा बघितलाय की आता कुठलाही आकडा दिसला की आधी 'कशाचे टन' ते शोधते.

माझ्या आगीवर हे अर्धवटच चाललं. ट्रोपोमीचा पिक्सेल साधारण साडेपाच बाय सात किलोमीटरचा, त्यात ढग, आणि शेजारच्या आगींचा धूर माझ्या धुरात मिसळलेला. जे थोडे स्वच्छ दिवस मिळाले त्यावरून एवढंच म्हणता आलं की सरसकट ४१ टनांचा अंदाज कमी पडतोय आणि खोली मोजून काढलेला जवळ जातोय. तेवढ्यावर मी आनंदात होते, मॅडम नव्हत्या. त्यांचं म्हणणं, मोनॉक्साइडवरून डायऑक्साइडवर जाताना मी परत माझेच एमिशन फॅक्टर वापरलेत, मग हीसुद्धा पूर्ण वेगळी साक्ष कुठे झाली? बरोबर होतं ते. म्हणून रिपोर्टमध्ये ताळा फक्त मोनॉक्साइडपुरता ठेवला, डायऑक्साइडचा ताळा लागला असं कुठेही लिहिलं नाही.

शेवटी चारही आकडे त्यांच्या त्यांच्या रेंजमध्ये हलवून संगणकाला हजारो वेळा गुणाकार करायला लावला. क्षेत्र हलवलं तर उत्तर किंचित हलतं, डायऑक्साइडचा फॅक्टर हलवला तरी तसंच, मिथेनचा हलवला तर मिथेन बऱ्यापैकी, आणि खोली हलवली की सगळंच. रिपोर्ट ज्यांना हवा होता त्यांच्याकडून फोन आला, "मॅडम, रेंज कशाला, एकच आकडा द्या ना, स्लाइडवर टाकायचाय." मी मधला आकडा दिला आणि त्याच ओळीत खालचा-वरचाही दिला, सुटा करता येणार नाही अशा बेताने. स्लाइडवर काय गेलं ते मी विचारलं नाही.

सध्या फाइलच्या नावात 'आवृत्ती १' आहे. जी झाडं आग संपली तेव्हा हिरवी दिसत होती त्यातली काही मुळं भाजल्यामुळे पुढच्या हंगामापर्यंत मरतात, म्हणून जळण्याची तीव्रता पुढच्या उन्हाळ्याच्या इमेजेसवर परत काढतात. शिवाय अशा जाड थराच्या जंगलात आग बर्फाखाली धुमसत राहून वसंतात परत वर आल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे आमच्या एका प्लॉटच्या कडेला जिथे काठी टोचल्यावर वाफ आली होती ती जागा नकाशावर लाल करून ठेवलीय. बर्फ वितळलं की पहिली फेरी तिथेच.